हवाईची तीन मते

१९ डिसेंबर १९६० रोजी होनोलुलूच्या इओलानी राजवाड्यात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी दोनदा मतदान झाले. राज्य एक, दिवस एक, वास्तू एक. रिपब्लिकन पक्षाच्या तीन निर्वाचकांनी रिचर्ड निक्सन यांना मते दिली. त्यांच्या हाती राज्य सरकारचे रीतसर प्रमाणपत्र होते. डेमोक्रॅटिक पक्षाच्या तिघांनी जॉन केनेडी यांना मते दिली. त्यांच्याकडे प्रमाणपत्र नव्हते. त्यांची सगळी भिस्त न्यायालयाच्या आदेशाने चाललेल्या फेरमोजणीवर होती आणि ती अजून संपायची होती. दोन्ही गटांनी आपापली मते सह्यांनिशी वॉशिंग्टनला धाडली.

अमेरिकेत मतदार थेट अध्यक्ष निवडत नाही. तो आपल्या राज्याचे निर्वाचक निवडतो. राज्याचे प्रतिनिधिगृहात जितके सदस्य, त्यात सिनेटचे दोन मिळवायचे, की निर्वाचकांची संख्या मिळते. हवाईच्या वाट्याला तेव्हा तीन आले होते. बहुतेक राज्यांप्रमाणे इथेही नियम सरळ होता : एका मताने का होईना, जो पुढे त्याला तिन्ही.

हवाई तेव्हा राज्य म्हणून जेमतेम सव्वा वर्षाचे होते. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानीची सत्ता उलथवण्यात आली आणि १८९८ मध्ये अमेरिकेने ही बेटे आपल्यात सामील करून घेतली. पुढची सहा दशके हवाई हा नुसता प्रदेश होता. तिथल्या रहिवाशांना अध्यक्ष निवडण्याचा हक्क नव्हता. ऊस आणि अननसाच्या मळ्यांवर, जहाजवाहतुकीवर, बँकांवर पाच बड्या कंपन्यांची पकड होती आणि राजकारणावर त्यांच्या मर्जीतल्या रिपब्लिकन पक्षाची. मळ्यांत राबायला चीन, जपान, पोर्तुगाल, फिलिपाइन्समधून मजूर आणले गेले. त्यांची मुले अमेरिकेत जन्मली म्हणून नागरिक झाली, मतदार झाली, युद्धात लढून परतली. १९५४ मध्ये त्यांच्या आणि गोदी कामगारांच्या संघटनेच्या बळावर डेमोक्रॅटांनी प्रादेशिक विधिमंडळ जिंकले. तरीही २१ ऑगस्ट १९५९ रोजी राज्याचा दर्जा मिळाला तेव्हा हवाईचा कौल कुठल्या एका बाजूला झुकलेला नव्हता. राज्यपाल विल्यम क्विन रिपब्लिकन. सिनेटचे दोन सदस्य दोन पक्षांचे. प्रतिनिधिगृहात गेले ते डॅनियल इनोये, इटलीच्या आघाडीवर उजवा हात गमावलेले डेमोक्रॅट.

वॉशिंग्टनच्या जाणत्यांचा हिशेब मात्र पक्का होता : हवाई रिपब्लिकनांचे, अलास्का डेमोक्रॅटांचे. दोन्ही राज्ये एकाच वर्षी संघात आली, त्यामागे हीसुद्धा बेरीज-वजाबाकी होती. १९६० मध्ये तो हिशेब दोन्ही टोकांना उलटा पडला. अलास्का निक्सनकडे गेले. हवाईत काय झाले हे ठरायला सात आठवडे लागले.

निक्सन यांनी पन्नासही राज्यांत जाण्याचे जाहीर वचन दिले होते. ऑगस्टच्या सुरुवातीलाच त्यांनी हवाई गाठले आणि मतदानाच्या दोन दिवस आधी ते अलास्कात अँकरेजला होते. मोठ्या राज्यांत एकेक सभा मोलाची असताना तीन-तीन मतांसाठी केलेली ही पायपीट त्यांना महागात पडली, असे पुढे अनेकांनी म्हटले. देशभर सुमारे ६ कोटी ८८ लाख मते पडली आणि केनेडी-निक्सन यांच्यातले अंतर होते अवघे सव्वा लाखाच्याही आत.

हवाईत ८ नोव्हेंबरच्या मोजणीनंतर केनेडी ९२ मतांनी पुढे दिसत होते. मग केंद्राकेंद्रांवरून आलेले तक्ते तपासायला घेतले, तेव्हा बेरजांमध्ये चुका निघाल्या. त्या सुधारल्यावर पारडे फिरले आणि निक्सन १४१ मतांनी विजयी ठरले. २८ नोव्हेंबर रोजी प्रभारी राज्यपाल जेम्स केआलोहा यांनी रिपब्लिकन निर्वाचकांच्या प्रमाणपत्रावर सही केली. केनेडींना बहुमतापेक्षा कितीतरी जास्त निर्वाचक मिळालेले असल्याने देशाच्या दृष्टीने हा विषय संपला होता.

स्थानिक डेमोक्रॅटांच्या दृष्टीने तो संपला नव्हता. ज्या बेरजा एकदा चुकल्या, त्या दुसऱ्यांदा चुकल्या नसतील कशावरून? ते न्यायालयात गेले. न्यायाधीश रोनाल्ड जेमिसन यांनी फेरमोजणीचा आदेश दिला आणि १३ डिसेंबरला कागदी मतपत्रिकांचे गठ्ठे पुन्हा उघडले. सुरुवात काही केंद्रांपासून झाली. आकडे हलू लागले तशी व्याप्ती वाढत गेली आणि शेवटी साऱ्या राज्याची मते नव्याने मोजावी लागली. अडचण होती ती कॅलेंडरची. कायद्यानुसार सगळ्या राज्यांच्या निर्वाचकांनी एकाच दिवशी, १९ डिसेंबरला मत द्यायचे होते. तो दिवस हुकला असता, तर फेरमोजणी जिंकूनही पदरात काही पडले नसते. म्हणून डेमोक्रॅटांचे तीन निर्वाचक प्रमाणपत्राविनाच राजवाड्यात आले.

हे तिघेही साधेसुधे कार्यकर्ते नव्हते. विल्यम हीन हे चिनी आणि हवाईयन वंशाचे जुने वकील आणि माजी न्यायाधीश. डेल्बर्ट मेट्झगर हेही माजी न्यायाधीश. दुसऱ्या महायुद्धात हवाईत लष्करी कायदा असताना त्यांनी न्यायालयाच्या अवमानाबद्दल खुद्द लष्करी सेनापतीला पाच हजार डॉलरचा दंड ठोठावला होता. तिसऱ्या जेनी विल्सन. वय ८८. तरुणपणी त्या राजा कालाकौआच्या दरबारात हुला नाचत आणि इओलानी राजवाडा याच राजाने १८८२ मध्ये बांधून पूर्ण केलेला. राजेशाही, तिच्यानंतरचे अल्पजीवी प्रजासत्ताक, अमेरिकी प्रदेश आणि आता राज्य, अशा चार राजवटी त्यांनी पाहिल्या होत्या. आयुष्याची बहुतेक वर्षे ज्या बेटांवर अध्यक्ष निवडण्याचा अधिकारच नव्हता, तिथल्या पहिल्याच निवडणुकीत त्या निर्वाचक म्हणून सही करत होत्या.

३० डिसेंबरला जेमिसन यांनी निकाल दिला. केनेडी ९२,४१०, निक्सन ९२,२९५. फरक ११५ मतांचा. ४ जानेवारी १९६१ रोजी राज्यपाल क्विन यांनी डेमोक्रॅटिक निर्वाचकांच्या बाजूने नवे प्रमाणपत्र काढले. ते स्वतः रिपब्लिकन होते आणि त्यांच्याच सरकारने आधी निक्सन यांना विजयी ठरवले होते. नवे प्रमाणपत्र काँग्रेसच्या हाती पडले ते ६ जानेवारीला, मते मोजण्याच्या दिवशीच.

आणि त्या दिवशी अध्यक्षस्थानी होते रिचर्ड निक्सन. उपाध्यक्ष या नात्याने दोन्ही सभागृहांसमोर राज्याराज्यांची पाकिटे उघडण्याचे काम त्यांच्याकडे होते. हवाईची पाळी आली तेव्हा परस्परविरोधी कागद त्यांच्यासमोर होते. त्यांनी ते सारे जाहीर केले आणि राज्यपालांच्या ताज्या प्रमाणपत्रानुसार हवाईची तिन्ही मते केनेडींच्या खात्यात मोजावीत, असे सुचवले. यातून पायंडा पाडायचा हेतू नाही, हेही बजावले. कुणी हरकत घेतली नाही. बेरीज झाली : केनेडी ३०३, निक्सन २१९, आणि १५ मते सिनेटर हॅरी बर्ड यांना. पराभूत उमेदवाराने स्वतःच आपला पराभव जाहीर करण्याची वेळ शंभर वर्षांनी आली आहे, असे निक्सन तेव्हा म्हणाले. १८६१ मध्ये ही पाळी जॉन ब्रेकिनरिज यांच्यावर आली होती. निक्सन यांचा हा दिलदारपणा नाकारायचे कारण नाही, पण तीन मतांनी निकाल बदलणार नव्हता हेही खरे. हवाईनेही त्यांना कायमचे दूर ठेवले नाही. १९७२ मध्ये तिथली सुमारे ६२ टक्के मते त्यांनाच मिळाली. त्यानंतर हवाई रिपब्लिकनांना मिळाले ते फक्त एकदा, १९८४ मध्ये रोनाल्ड रेगन यांच्या वेळी.

निक्सन यांना नको असलेला पायंडा पुढे पडलाच. २००० मध्ये फ्लोरिडाची फेरमोजणी सर्वोच्च न्यायालयाने थांबवली, तेव्हा न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी आपल्या विरोधी मतात हवाईचा दाखला दिला : तिथे ४ जानेवारीला निघालेले प्रमाणपत्रही चालले, मग फ्लोरिडात एवढी घाई कशाला? २०२० मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या वकिलांनी तोच दाखला वेगळ्या कामासाठी वापरला. जो बायडेन यांनी जिंकलेल्या सात राज्यांत रिपब्लिकनांनी आपले निर्वाचक उभे करून कागद पाठवले आणि हवाईतही असेच झाले होते, असे सांगितले गेले.

साम्य तेवढ्यापुरतेच होते. होनोलुलूत दुसरे कागद पाठवले गेले तेव्हा न्यायालयाच्या आदेशाने मते मोजली जात होती आणि ते कागद ग्राह्य ठरले ते न्यायाधीशाचा निकाल व राज्यपालाची सही मिळाल्यावर. २०२० च्या सातांपैकी एकाही राज्यात असा निकाल लागला नाही, आणि एकाही राज्यपालाने ट्रम्प यांच्या निर्वाचकांना प्रमाणपत्र दिले नाही. २०२२ मध्ये काँग्रेसने १८८७ च्या जुन्या मतमोजणी कायद्यात दुरुस्ती केली. कोणते निर्वाचक खरे हा वाद सोडवण्याचा अधिकार उपाध्यक्षाला नाही, असे आता त्यात स्पष्ट लिहिले आहे.