कौंडण्यपूर, वऱ्हाड आणि विंडोजची चाळीस वर्षे

अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी, कौंडण्यपूर वसलेले आहे. विदर्भराज भीष्मकाची ही राजधानी आणि रुक्मिणीचे हे माहेर, असे परंपरा सांगते. आषाढीला माहेरची पालखी येथूनच पंढरपूरची वाट धरते. नको असलेला विवाह टाळण्यासाठी राजकन्येने येथून एका ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला पत्र धाडले, ही कथा महानुभाव कवी नरेंद्रापासून संत एकनाथांपर्यंत अनेकांनी मराठीत रंगविली आहे. ते पत्र एवढ्या दूरवर न चुकता पोहोचले. परंतु १९९५ च्या सुमारास ‘कौंडण्यपूर’ हा एकच शब्द संगणकावर जुळवून, फ्लॉपीत घालून, अमरावतीहून नागपूरला पाठविला असता तर तेथील पडद्यावर तो तसाच उमटेल, अशी खात्री कोणी दिली नसती. तेथे बहुधा इंग्रजी अक्षरांचा, टिंबांचा व कंसांचा कडबा दिसला असता.

असे का व्हावे, आणि ते पुढे कसे सुधारले, ही हकीकत एका अमेरिकन कंपनीच्या कार्यप्रणालींच्या इतिहासाशी निगडित आहे. कार्यप्रणाली म्हणजे ज्याला आपण ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतो ती. यंत्राचे लोखंड व माणसाचे काम यांच्यामध्ये उभी असलेली ही कारभारीण. कोणते अक्षर कोठे ठेवावे, कोणत्या आकारात दाखवावे, हे तीच ठरविते. मायक्रोसॉफ्टची ‘विंडोज’ प्रथम बाजारात आली ती २० नोव्हेंबर १९८५ रोजी. तिला २०२५ मध्ये चाळीस वर्षे पूर्ण झाली.

या हकीकतीची नांदी मात्र आपल्या घरची आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. भाषा मराठी, पण लिपी रोमन! यात फादरांची आवड नव्हती, त्यांची हतबलता होती. १६०८ साली रोमला आपल्या संघप्रमुखांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे दुःख उघड केले आहे. या देशाच्या भाषेत व लिपीत पुस्तके छापली जावीत अशी त्यांची कित्येक वर्षांची इच्छा होती, पण युरोपीय लिपीला चोवीस साचे पुरतात, तर येथे सहाशेच्या घरात साचे ओतावे लागतील, ही अडचण होती. ख्रिस्तपुराणाची देवनागरी आवृत्ती वाचकांच्या हाती पडण्यास पुढे १९५६ साल उजाडावे लागले. प्रा. शांताराम बंडेलू यांनी ती सिद्ध केली.

चोवीस विरुद्ध सहाशे, हा फादर स्टीफन्स यांनी मांडलेला हिशेब लक्षात ठेवावा. कारण पावणेचारशे वर्षांनी संगणक आला तोही नेमक्या याच हिशेबापाशी अडला.

मायक्रोसॉफ्टची स्थापना १९७५ ची. बिल गेट्स व पॉल ॲलन हे तिचे संस्थापक. १९८१ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक काढला, तेव्हा त्यासाठी या कंपनीने ‘डॉस’ नावाची कार्यप्रणाली पुरविली. तिचा मूळ गाभा सिएटलमधील एका लहान कंपनीकडून विकत घेतलेला होता. काळ्या पडद्यावर अक्षरांच्या आज्ञा लिहायच्या आणि उत्तराची वाट पाहायची, असा तो व्यवहार. अक्षरांसाठी एकूण २५६ घरे असत. त्यांतील पहिली १२८ घरे इंग्रजीची ठरलेली आणि उरलेल्या १२८ मध्ये जगाने काय ते बसवावे. आपल्याकडे यावर तोडगा निघाला तो कानपूरच्या आयआयटीमध्ये सुरू झालेल्या व पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढविलेल्या ‘जिस्ट’ तंत्राचा. संगणकात एक स्वतंत्र कार्ड बसविले की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटत असे. त्याच सुमारास भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही समान संकेतप्रणाली आखली गेली आणि १९९१ मध्ये तिला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. यात सहाशे साच्यांचे कोडे फार शहाणपणाने सोडविलेले होते. जोडाक्षरांना घरे द्यायचीच नाहीत. घरे फक्त मूळ वर्णांना, स्वरचिन्हांना व हलन्ताला द्यायची आणि जोडाक्षर घडविण्याचे काम यंत्राकडे सोपवायचे!

हे तत्त्व चांगले असूनही आपल्या छापखान्यांनी ते स्वीकारले नाही. १९९२ मध्ये विंडोजची ३.१ ही आवृत्ती आली व तिच्यासोबत ‘ट्रूटाइप’ प्रकारचे फॉन्ट आले. पडद्यावर दिसते तसेच कागदावर उतरू लागले. खिळे जुळविणाऱ्या कंपोझिटरची जागा डीटीपी करणाऱ्या तरुणाने घेतली. गावोगावच्या लग्नपत्रिका, सणांची पत्रके, मिस्साविधीच्या पुस्तिका या नव्या पद्धतीने निघू लागल्या. पण या फॉन्टांची गंमत अशी की संगणकाला ते देवनागरी आहेत याचा पत्ताच नसे. इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी अक्षरांची चित्रे बसविलेली असत. कोणाच्या फॉन्टमध्ये ‘क’ एका घरात, तर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये भलत्याच. फॉन्ट बदलला की मजकुराचा कडबा झालाच म्हणून समजा. यंत्राच्या दृष्टीने या देशात त्या काळी मराठीचा एक शब्दही लिहिला जात नव्हता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आली. खालच्या कोपऱ्यातील ‘स्टार्ट’चे बटन जगाने प्रथम पाहिले ते तिच्यात. पण या देखण्या घराखाली अजून डॉसचाच पाया होता. कौंडण्यपूरच्या टेकाडावर १९६० नंतरच्या दशकात डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी उत्खनन केले, तेव्हा एका वसतीखाली दुसरी वसती असे थर उघडे पडले. विंडोज ९५ चे स्वरूप काहीसे तसेच होते. वर नवी वस्ती आणि खाली जुनी भिंत.

याच काळात कंपनीने दुसरे एक घर अगदी पायापासून बांधायला घेतले होते. त्याचे नाव ‘एनटी’. डिजिटल या कंपनीतून आलेले डेव्ह कटलर हे तिचे मुख्य शिल्पकार आणि १९९३ हे तिच्या पहिल्या आवृत्तीचे वर्ष. २५६ घरांची अडचण यात नव्हती. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘युनिकोड’ या जागतिक संकेतप्रणालीवर ती उभी होती. त्या काळच्या आराखड्याप्रमाणे युनिकोडमध्ये ६५,५३६ घरे होती. देवनागरीच्या वाट्याला १२८ घरांची आळी आली आणि तिची रचना आपल्या इस्कीवरूनच घेतलेली होती. पुण्या-कानपुरात केलेला विचार असा सिएटलच्या परिसरात पोहोचला.

घरे मिळाली तरी राहण्याची सोय व्हायला आणखी सात वर्षे गेली. ‘ख्रिस्त’ हा शब्द घ्या. आपण त्यात दोन अक्षरे मोजतो. यंत्राच्या पोटात मात्र तो सात संकेतांनी साठविलेला असतो. ते संकेत म्हणजे ख, हलन्त, र, ऱ्हस्व वेलांटी, स, हलन्त आणि त. उच्चारात वेलांटी ‘ख्र’च्या मागून येते, लिहिताना ती त्याच्या आधी काढावी लागते. ख व र यांचा ‘ख्र’ व्हायचा, वेलांटी उचलून त्याच्या डावीकडे न्यायची, अर्धा ‘स्’ पुढच्या ‘त’ला टेकवायचा. हे सारे शुद्धलेखन यंत्राला शिकवावे लागते. विंडोज २००० ने ते प्रथम शिकले. १७ फेब्रुवारी २००० रोजी ती विक्रीस आली, तेव्हा भारतीय लिप्यांपैकी देवनागरी व तमिळ या दोनच तिला येत होत्या. तिच्यासोबतचा देवनागरी फॉन्ट होता ‘मंगल’. तो घडविला होता र. कृ. जोशी यांनी. मराठीतील कवी, सुलेखनकार आणि मुंबईच्या आयआयटीत अक्षरकला शिकविणारे अध्यापक म्हणून ते प्रसिद्ध होते. २००८ साली ते निवर्तले. जगभरच्या कोट्यवधी संगणकांवर देवनागरीचे जे पहिले रूप दिसले, ते असे एका मराठी कवीच्या हातचे होते. स्टीफन्स यांच्या सहाशे साच्यांना उत्तर मिळाले ते येथे.

ऑक्टोबर २००१ मध्ये ‘एक्सपी’ आली. तिने डॉसच्या पायावरील घराणे व एनटीचे घराणे एक केले. तरीही आपल्या लोकांची परवड संपली नव्हती. एक्सपीमध्ये भारतीय लिप्यांची सोय आपोआप चालू नसे. सेटिंगमधील एका चौकटीत खूण करून मूळ सीडी घालावी लागे. ती सीडी किती जणांकडे असे, हा प्रश्न न विचारलेला बरा! ज्यांनी खूण केली नाही, त्यांना ‘ख्रिस्त’ शब्दाची हाडे सुटी सुटी दिसत. ‘मराठी संगणकावर चालत नाही’ हा समज त्या काळात जो रुजला, त्याला ही एक न केलेली खूण बरीच कारणीभूत आहे, असे माझे मत आहे. २००७ च्या व्हिस्टापासून ही अट गेली.

आता वऱ्हाडाकडे येऊ. या प्रदेशाच्या नावातच संगणकाची एक परीक्षा दडलेली आहे. ‘वऱ्हाड’मधील तो अर्धा र, ज्याला कोणी पापणीसारखा र म्हणतात, हिंदीत वापरला जात नाही. मराठीला त्याच्यावाचून चालत नाही. ‘आचार्यास बोलावा’ आणि ‘आचाऱ्यास बोलावा’ यांत महापंडित व स्वयंपाकी एवढे अंतर आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, तर ‘दऱ्या’ डोंगरातल्या. या र चे काय करावे याविषयी प्रारंभी घोळ होता. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत साध्या र ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह लावून तो लिहिण्याची रीत होती. पुढे इस्कीच्या धर्तीवर ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलन्त लावावा, असे ठरले. दोन्ही रीतींनी लिहिलेला शब्द पडद्यावर एकसारखाच दिसतो, पण शोधायला गेल्यास यंत्राला ते दोन निराळे शब्द वाटतात. ‘ॲ’ची कथाही अशीच आहे. २००८ पर्यंत त्याला स्वतःचे घर नव्हते. त्यामुळे ‘संत ॲन्थनी’ हे नाव एखाद्या जुन्या यंत्रावर रिकाम्या चौकटीने सुरू होताना दिसते. मराठी वळणाचे ल व श दाखवायचे की हिंदी वळणाचे, हा निर्णय तर अजून फॉन्टवरच सोडलेला आहे. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वळण प्रमाण मानले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

टेबलावरील संगणक असा शहाणा होत गेला, तरी खिशातल्या यंत्रांवर कंपनीला यश आले नाही. १९९६ ची ‘विंडोज सीई’, २००० ची ‘पॉकेट पीसी’, मग ‘विंडोज मोबाइल’, २०१० ची ‘विंडोज फोन ७’ अशी मालिका निघाली. नाव विंडोज, पण गाभा एनटीचा नव्हे. २०१२ मध्ये ‘विंडोज फोन ८’ने एनटीचा गाभा स्वीकारला, तेव्हा आधीचे फोन घेतलेल्यांना तो मिळालाच नाही. ग्राहकाचा विश्वास असाच उडतो. २०१५ च्या विंडोज १० ने संगणक, फोन व खेळाचे यंत्र या सर्वांसाठी एकच प्रणाली, अशी घोषणा केली. नोकियाचा फोन-व्यवसायही कंपनीने २०१४ मध्ये विकत घेऊन पाहिला. तरीही जानेवारी २०२० पर्यंत फोनवरील विंडोजचा आधार पूर्णपणे थांबला. मराठी कुटुंबांच्या खिशात गेली ती गूगलची अँड्रॉइड. परंतु तीही अक्षरे साठविते ती त्याच १२८ घरांच्या आळीतून. म्हणूनच अमरावतीच्या मुलीने फोनवर लिहिलेले ‘कौंडण्यपूर’ वसईतील आजीच्या फोनवर आणि दुबईतील भावाच्या संगणकावर एकसारखे उमटते. २०२१ मध्ये विंडोज ११ आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला.

आता राहिला प्रश्न मधल्या काळाचा. याच अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे. गोविंदप्रभूंचे हे स्थान आणि म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले ते येथेच. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर, असा तो संकेत. किल्ली ज्यांच्यापाशी, त्यांनाच ग्रंथ कळे. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती लिपी उलगडली, तेव्हा कुठे तो ठेवा इतरांना वाचता आला. १९९२ ते २००५ या काळात आपल्या धर्मग्रामांतून, संस्थांतून व नियतकालिकांतून जे जुळविले गेले, ते सारे कळत-नकळत अशाच सांकेतिक लिपीत लिहिलेले आहे. फरक इतकाच की महानुभावांनी आपली किल्ली जाणीवपूर्वक जपली होती. आपण ती फॉन्टच्या सीडीबरोबर रद्दीत घातली.

अमरावती धर्मप्रांत १९५५ सालचा. तेथील पहिल्या पिढीच्या कितीतरी आठवणी त्या पिढीतील वृद्धांनी याच वर्षांत सांगितल्या आणि कोणा उत्साही तरुणाने टंकित करून ठेवल्या. वऱ्हाडातील एका धर्मग्रामाच्या जुन्या स्मरणिकेची फ्लॉपी काही काळापूर्वी माझ्या हाती आली. छापील प्रत कोणाजवळही उरली नव्हती. फ्लॉपी वाचणारे यंत्र मिळविण्यात पंधरा दिवस गेले. फाइल उघडली, तो अपेक्षेप्रमाणे कडबा. फॉन्टचे नाव मात्र फाइलीत शिल्लक होते. त्या आधारे रूपांतराचे एक साधन सापडले आणि संध्याकाळपर्यंत मराठी वाचता येऊ लागली. शाळेसाठी वाहिलेल्या विटा, दुष्काळात उघडलेले अन्नछत्र, पहिल्या धर्मगुरूंची सायकल अशा एकेक हकिगती पडद्यावर उमटल्या. पण रूपांतर करणाऱ्या यंत्राला मराठीचा अर्धा र ठाऊक नव्हता. प्रत्येक ठिकाणी ‘वर्हाड’ पडले होते आणि अन्नछत्रातील आचाऱ्यांचे सरसकट आचार्य झाले होते. आम्ही दोघे-तिघे बसून ते एकेक ठिकाण हाताने दुरुस्त करीत आहोत. शेवटची बारा पाने अजून व्हायची आहेत.