वाघोलीचे तळे आणि पाणथळ जागेची व्याख्या

पुणे-नगर मार्गावरील वाघोली हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना शाहूकालीन सरदार पिलाजी जाधवराव यांचे गाव म्हणून परिचित आहे. वाघेश्वराचे मंदिर आणि त्यालगतचे तळे ही गावाची जुनी ओळख होय. २०२१ साली वाघोली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. शहरात आलेले तळे बहुधा सुशोभीकरणाचा विषय होते; प्रस्तुत लेखात त्याचा विचार पाणथळ जागा म्हणून केला आहे.

दख्खनच्या पठारावर नैसर्गिक सरोवरे फारच थोडी; उल्कापाताने निर्माण झालेले लोणार हा अपवादच म्हणावा लागेल. येथील बहुतेक पाणथळी मनुष्यनिर्मित आहेत. काळ्या कातळात पाणी सहज मुरत नाही. ते भेगांतून आणि मुरमाच्या थरातून सावकाश उतरते. ओढ्याचे पाणी बांध घालून काही महिने थोपविले, तर खालच्या अंगाच्या विहिरींना पाझर मिळतो आणि पावसाच्या लोंढ्याचा जोर ओसरतो. उथळ काठावरील पाणवनस्पती गाळ धरून ठेवतात व सांडपाण्यातील नत्र-स्फुरद काही अंशी शोषून घेतात. बांधणाऱ्याच्या मनात यांपैकी काय होते, यावर हे परिणाम अवलंबून नसतात.

याचे उत्तम उदाहरण नांदूरमध्यमेश्वर होय. विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरी-कादवा संगमाजवळ सिंचनासाठी बंधारा बांधला गेला. पुढे गाळ साचून तेथे उथळ पाण्याची बेटे तयार झाली, पक्षी येऊ लागले, आणि २०२० साली ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून घोषित झाले. १९७१ च्या रामसर कराराने कृत्रिम पाणथळीही आपल्या व्याख्येत घेतल्या आहेत. भारताच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी मात्र खास पिण्याच्या पाण्यासाठी वा सिंचनासाठी बांधलेले जलाशय व्याख्येबाहेर ठेवले. नांदूरमध्यमेश्वर रामसर स्थळ असल्यामुळे त्याला संरक्षण आहे. गावतळ्याला तो आधार नाही.

सारा प्रश्न ‘खास’ या शब्दापाशी येतो, आणि येथे इतिहासाचे काम सुरू होते. देवस्थानालगतचे तळे सहसा एकाच हेतूचे नसते. देवकार्य, गुरांचे पाणी, धुणे, विहिरींचा पाझर असे अनेक उपयोग त्यात गुंतलेले असतात. बांधाची दुरुस्ती कोणाच्या खर्चाने झाली, पाण्यावर कोणाचा हक्क होता, काठची जमीन इनाम होती काय, हे प्रश्न आजवर महसुली इतिहासाचे मानले गेले. तळ्याचा मूळ हेतू ठरविताना त्यांची उत्तरे उपयोगी पडतील. वाघोलीपुरता हा शोध पुण्याच्या पेशवे दफ्तरातून आणि जुन्या भूमापन नकाशांतून आरंभता येईल.