जिन्जूच्या प्रवास-पुस्तिकेत राहून गेलेलं पान



विहाराच्या स्मरणिकेत बुद्धगया, सारनाथ, दीक्षाभूमी यांच्यावर लेख येतात आणि ते यायलाच हवेत. मी या वेळी थोडं लांबचं गाव घेतलं आहे. दक्षिण कोरियात जिन्जू नावाचं शहर आहे. वस्ती सुमारे साडेतीन लाख, म्हणजे त्या देशाच्या मानानं लहानच. शहरातून नामगांग नदी वाहते आणि नदीच्या काठावर जुना किल्ला आहे. आपली शिकलेली पोरं आता देशोदेशी जातात. उद्या कोणी कोरियाला गेला, तर त्याच्या हातात प्रवास-पुस्तिका पडेल. त्या पुस्तिकेत काय असतं आणि काय असायला हवं, एवढंच मला सांगायचं आहे.

बहुतेक पुस्तिकांमधलं जिन्जूचं पान चार-पाच गोष्टींत संपतं. किल्ला पाहा, नोनगेचा खडक पाहा, ऑक्टोबरात नदीवर दिव्यांचा उत्सव असतो तो पाहा, इथलं रेशीम घ्या आणि कच्च्या गोमांसाचे बारीक काप घातलेला बिबिंबाप नावाचा भात खा. यात खोटं काही नाही. पण यातल्या प्रत्येक गोष्टीमागे एक माणूस उभा आहे आणि त्याचं नाव पुस्तिकेत नाही.

आधी किल्ला घेऊ. १५९२ साली जपानच्या फौजा कोरियावर चालून आल्या. त्या वर्षी किम शी-मिन या सेनापतीनं थोड्या लोकांनिशी जिन्जूचा किल्ला राखला. वेढ्याच्या वेळी इशाऱ्यासाठी आणि निरोपासाठी नदीत दिवे सोडत, त्याचीच आठवण म्हणून आजचा दिव्यांचा उत्सव. १५९३ मध्ये शत्रू मोठ्या ताकदीनं परत आला. किल्ला पडला आणि आतल्या हजारो माणसांची कत्तल झाली. जेत्यांच्या मेजवानीत नोनगे नावाच्या स्त्रीनं दहाही बोटांत अंगठ्या घातल्या, एका जपानी सरदाराला मिठीत घट्ट आवळलं आणि त्याच्यासकट खडकावरून नदीत उडी घेतली, अशी कथा तिथं सांगतात. १७४० मध्ये तिचं स्मृतिमंदिर बांधलं गेलं. पुस्तिका तिला वीरांगना म्हणते, ते योग्यच. पण ती परंपरेप्रमाणे गीसेंग होती, म्हणजे अधिकाऱ्यांपुढे नाचगाणं करणारी. आणि गीसेंग ही त्या समाजात हलक्या कुळीची गणली जात असे, हे पुस्तिका सांगत नाही.

किल्ल्यातच होगुकसा नावाचं बौद्ध विहार आहे. त्या लढाईत मेलेल्या भिक्खूंच्या सन्मानासाठी त्याला हे नाव मिळालं. नावाचा अर्थ देशाचं रक्षण करणारं विहार. आता गंमत बघा. ज्यांना देशाचे रक्षक म्हटलं, त्या भिक्खूंना चोसन राजवटीत हलक्या लोकांतच धरत. ती राजवट कन्फ्यूशियसच्या विचारावर चालत असे. भिक्खूंना राजधानीच्या वेशीच्या आत पाय टाकायला बंदी होती, ती १८९५ मध्ये उठली. म्हणजे मरणानंतर मान आणि जिवंतपणी वेशीबाहेर! हा न्याय आपल्याला ओळखीचा वाटतो की नाही?

या हलक्या लोकांतही सगळ्यांत खाली होते बेकजोंग. जनावरं कापणं, कातडं कमावणं, टोपल्या विणणं हे त्यांचे धंदे. बेकजोंग या शब्दाचा मूळ अर्थ साधा, सामान्य माणूस. १४२३ मध्ये सेजोंग राजानं या लोकांना समाजात सामावून घ्यावं म्हणून हे नाव दिलं. पण लोकांची मनं तीच राहिली, आणि ते चांगलं नावच पुढे शिवी होऊन बसलं. नाव बदललं की जात जात नाही, हे कोरियानंही पाहिलं.

बेकजोंगांची वस्ती वेगळी, दफनाची जागाही वेगळी. पुरुषांना इतरांसारखी टोपी घालायची बंदी होती. घरावर कौलं चालत नसत. दुसऱ्यांच्या लहान पोरासमोरही म्हाताऱ्या बेकजोंगानं वाकायचं. आणि रेशीम अंगाला लावायचं नाही! जिन्जू रेशमासाठी प्रसिद्ध, पण त्याच गावात काही माणसांना रेशीम निषिद्ध. कापड विणणाऱ्याच्या अंगावर ते कापड असतंच असं नाही, हे आम्हां गिरणीवाल्यांना कोणी शिकवायला नको. तसंच त्या प्रसिद्ध भाताचं. मांस सगळ्यांना गोड लागलं, पण ते कापणारा हात मात्र विटाळाचा ठरला.

१८९४ मध्ये कायद्यानं ही उतरंड मोडली. पण कायदा कागदावर राहिला. जपानी अमलातही कुटुंबाच्या सरकारी नोंदणीत बेकजोंगांच्या नावापुढे कसाई असा शेरा राहत असे. १९०९ मध्ये जिन्जूतल्या ऑस्ट्रेलियन मिशनऱ्यांच्या चर्चमध्ये बेकजोंग इतरांबरोबर प्रार्थनेला बसले, तर बाकीचे बरेच जण उठून निघून गेले. पुढे समजूत घातल्यावर ते परत आले. जांग जी-पिल हा बेकजोंगाचा मुलगा जपानमध्ये विद्यापीठात कायदा शिकून आला, पण नोकरीसाठी नोंदणीचा उतारा लागला आणि त्या एका शेऱ्यानं त्याची वाट अडवली. पैसेवाल्या बेकजोंगांच्या मुलांनाही शाळा दार उघडत नव्हती.

अखेर एप्रिल १९२३ मध्ये याच जिन्जूत ह्योंगप्योंगसा ही संघटना उभी राहिली. जांग जी-पिलसारखे बेकजोंग त्यात होते, आणि कांग सांग-हो यांच्यासारखे वरच्या थरातले सुधारकही होते. संघटनेच्या नावाचा अर्थ मला फार मोलाचा वाटतो. ह्योंग म्हणजे तराजूची दांडी, प्योंग म्हणजे सपाट, समान. ज्या तराजूवर कसाई रोज मांस तोलत होता, तोच त्यानं समाजापुढे धरला. दांडी सरळ करा, एवढंच त्याचं मागणं!

दांडी सरळ करायला लोक सहजासहजी तयार झाले नाहीत. जिन्जूतच विरोधाचे जमाव निघाले आणि गोमांस विकत न घेण्याचा बहिष्कार पुकारला गेला. कांग सांग-हो यांना "नवा बेकजोंग" म्हणून हिणवण्यात आलं. १९२५ च्या ऑगस्टमध्ये येचोन गावी संघटनेच्या शाखेवर हिंसक हल्ला झाला. तरीही शाखा दीडशेच्या वर गेल्या. जपानमधल्या बहिष्कृतांची सुइहेइशा ही संघटना १९२२ मध्ये निघाली होती. या दोघींनी समुद्रापलीकडून एकमेकींना साथ दिली, आणि त्या सहकार्याची कागदपत्रं २०१६ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक स्मृतिनोंदीत दाखल झाली. ह्योंगप्योंगसा १९३५ मध्ये नाव बदलून हळूहळू विझली, पण तिनं मांडलेला सवाल विझला नाही.

आता सन ध्यानात घ्या. १९२३ च्या ऑगस्टमध्येच मुंबईच्या कायदेमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले, असं कागदावर आलं. पण चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि बाबासाहेबांना स्वतः तळ्यावर उतरावं लागलं. कायदा दार दाखवतो, आत पाऊल मात्र आपल्यालाच टाकावं लागतं. जिन्जू आणि महाड यांचं नातं हे असं आहे.

इथं आपण बौद्धांनी एक कडू गोष्टही गिळली पाहिजे. चोसनच्या आधी गोर्यो राजवट होती, ९१८ ते १३९२. तेव्हा बौद्ध धर्माला राजाश्रय होता, मोठमोठी विहारं होती. तरीही जनावरं मारणारे आणि टोपल्या विणणारे लोक समाजाबाहेरच होते. प्राणिहत्या वाईट ही शिकवण लोकांनी अशी वाकवली, की हत्येपेक्षा पोटासाठी तो धंदा करणाऱ्या माणसाचाच तिटकारा आला. मांस खाणारा मात्र स्वच्छच राहिला! वसल सुत्तात भगवंतांनी स्पष्ट सांगितलं आहे की माणूस हीन ठरतो तो कर्मानं, जन्मानं नव्हे. धम्म राजवाड्यात पोहोचला, पण वस्तीपर्यंत समता पोहोचली नाही, तर काय होतं ते कोरियाच्या इतिहासात दिसतं. म्हणून तर बाबासाहेबांनी १९५६ मध्ये दीक्षा देताना बावीस प्रतिज्ञांमध्ये समतेची प्रतिज्ञा घातली.

१० डिसेंबर १९९६ रोजी, मानवी हक्क दिनी, जिन्जूच्या नागरिकांनी वर्गणी काढून किल्ल्यासमोर ह्योंगप्योंग चळवळीचं स्मारक उभं केलं. २०१७ मध्ये तिथल्या चौकाच्या कामासाठी ते नदीपलीकडे हलवलं गेलं. वर्गणीची वीट काय असते, हे आपलं विहार बांधणाऱ्यांना माहीत आहे.

तेव्हा पुस्तिका सुधारायची तर माझ्या अल्पमतीनं एवढं करावं. किल्ल्याच्या पानावर या स्मारकाची माहिती आणि सन द्यावेत. नोनगेच्या नावाशेजारी तिची कुळी लिहावी, त्यानं तिचा मान वाढेलच. होगुकसा विहाराशेजारी भिक्खूंवरच्या बंदीची ओळ टाकावी. रेशमाच्या पानावर ते कोणाला नेसू दिलं नाही ते यावं, आणि भाताच्या पानावर मांस कापणाऱ्याची आठवण यावी. पानं फार वाढणार नाहीत, पण पाहुणा परतताना नुसती छायाचित्रं घेऊन जाणार नाही.

आणि हेच काम आपल्या घरीही बाकी आहे. रायगड पाहायला येणाऱ्याला महाडचं चवदार तळं दाखवणारी ओळ आपणच लिहायची आहे. आपल्या वस्तीतल्या पोरांनी हातात वही घ्यावी आणि म्हाताऱ्यांना विचारून लिहायला बसावं. ज्यांचं नाव पुस्तकात नाही, त्यांचं नाव लिहिणं हासुद्धा धम्माचाच भाग आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!