गिअरच्या 'टक्'ची किंमत



आजचा विषय अंगठ्याएवढा आहे. सायकलच्या हँडलवरचा गिअरचा खटका. तो दाबला की 'टक्' असं वाजतं, चेन शेजारच्या चकतीवर जाते आणि आपण पुढे निघतो. हा 'टक्' फुकट आलेला नाही. तो आल्यावर काही नावाजलेल्या कंपन्या बाजारातून उठल्या, आणि त्याची किंमत आपण अजूनही दर दुरुस्तीला मोजतो.

सुरुवात फ्रान्सपासून करू. 'टूर द फ्रान्स' 1903 मध्ये सुरू झाली. तिचे संस्थापक आंरी देग्रांज यांना गिअर मुळीच पसंत नव्हते. शर्यत पायांनी जिंकावी, यंत्राने नाही, असं त्यांचं म्हणणं. चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या यंत्राला आपण डिरेलर म्हणतो. संघांतल्या स्पर्धकांना तो वापरायची मुभा 1937 मध्ये मिळाली. तोवर मागच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन वेगवेगळ्या चकत्या असत. घाट आला की उतरायचं, चाक काढायचं, उलटं बसवायचं आणि पुन्हा निघायचं. तेही आल्प्समध्ये, गारठलेल्या बोटांनी.

बंदी उठली तरी लगेच सुख आलं असं नाही. 1948 ची टूर जिनो बार्ताली यांनी जिंकली ती कॅम्पान्योलो कंपनीच्या 'काम्बियो कोर्सा' या गिअरवर. त्यात सीटपासून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळीला लागून दोन लांब दांड्या होत्या. चालत्या सायकलवर हात मागे न्यायचा, एक दांडी फिरवून मागचं चाक सैल करायचं, पेडल उलटं मारत दुसऱ्या दांडीने चेन सरकवायची आणि चाक पुन्हा आवळायचं. चालत्या सायकलचं चाक सैल करायचं! आज कुणी असा आराखडा आणला तर आपण त्याला चहा पाजून घरी पाठवू.

त्यानंतरच्या तीसेक वर्षांत जी पद्धत रुळली, तिला फ्रिक्शन शिफ्टर म्हणतात. फ्रेमच्या तिरक्या नळीवर दोन छोट्या दांड्या. दांडी ओढली की केबल ओढली जाते, आणि दांडी जिथे सोडाल तिथे ती केवळ घर्षणाने थांबते. कुठे थांबायचं हे दांडीला माहीत नसतं, ते तुमच्या हाताला माहीत असावं लागतं. जरा जास्त ओढली तर चेन करकरते, मग किंचित मागे घ्यायची. शिकायला काही आठवडे लागतात, आणि हँडलवरचा हात सोडावा लागतो, हा मोठाच तोटा.

पण फायदा बघा. कुठल्याही कंपनीची दांडी, कुठलाही डिरेलर, कुठलीही फ्रीव्हील, सगळं एकमेकांशी जमतं. केबल थोडी ताणली, गंजली, डिरेलरला ठोकर बसली, तरी हात तेवढा फरक सांभाळून घेतो. भाग स्वस्त, आणि तुटला तर शेजारच्या दुकानातला दुसरा चालतो.

या काळाचा माझ्या मते खरा नायक म्हणजे जपानची माएदा इंडस्ट्रीज. तिचे भाग 'सनटूर' या नावाने विकले जात. 1964 मध्ये त्यांनी तिरकस समांतरभुज डिरेलर आणला. कल्पना अशी: मागच्या चकत्या लहानापासून मोठ्यापर्यंत उतरंडीसारख्या चढत जातात. डिरेलरही त्याच उताराला समांतर तिरका सरकला, तर चेनला दिशा देणारं छोटं चाक प्रत्येक चकतीपासून जवळपास सारख्याच अंतरावर राहतं. गिअर लवकर आणि नेमका पडतो. या एका कल्पनेमुळे सनटूरचा स्वस्त डिरेलर महागड्या युरोपीय डिरेलरपेक्षा सरस ठरला. पण पेटंट होतं, त्यामुळे इतरांना हात बांधून बसावं लागलं.

जपानमध्येच, साकाई शहरात, 1921 पासून शिमानो कंपनी होती. तिनेही सुरुवात फ्रीव्हीलपासून केली होती. दांडीला ठरावीक थांबे द्यायचे, म्हणजे इंडेक्स करायचं, हा प्रयत्न तिने 1970 च्या दशकात 'पॉझिट्रॉन' नावाने करून पाहिला होता. तो साध्या, स्वस्त सायकलींवर बसवला आणि फारसा चालला नाही. हबमधल्या तीन गिअरांना तसे थांबे स्टर्मी-आर्चरने दुसऱ्या महायुद्धाआधीच दिले होते, तेव्हा कल्पना नवी नव्हतीच. डिरेलरला ती पेलत नव्हती, एवढंच.

1984 मध्ये सनटूरच्या पेटंटची मुदत संपत आली. त्याच वर्षी शिमानोने नवी ड्युरा-एस मालिका आणली, तिरकस समांतरभुज डिरेलर आणि 'एसआयएस' नावाची क्लिक पद्धत घेऊन. यावेळी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक, सुरुवात सगळ्यात महाग, शर्यतीच्या मालिकेपासून. स्वस्त मालिकांवर ती नंतर उतरवली. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, 'टक्' एकट्या दांडीत नाही हे त्यांनी ओळखलं. दांडी, केबल, तिच्यावरचं आवरण, डिरेलर, चेन आणि चकत्या, सगळं एकमेकांच्या मापाने बनवलं. विकलंही संच म्हणून. गंमत म्हणजे त्या दांडीवर एक कळ ठेवली होती. क्लिक नीट लागेना तर ती फिरवायची आणि पुन्हा फ्रिक्शनवर यायचं. कंपनीलाही स्वतःबद्दल थोडी धाकधूक असावी.

हाताचं कसब यंत्रात गेलं आणि तिथूनच हिशेब बदलला. क्लिक पद्धतीत दांडी दर खेपेला ठरावीक मिलिमीटर केबल ओढते. आठ चकत्यांच्या संचात दोन चकत्यांच्या मध्यांमधलं अंतर 4.8 मिलिमीटर असतं. अकराच्या रोड संचात ते पावणेचारच्या आसपास येतं. चकत्या वाढल्या की चुकीला जागा उरत नाही. एका कंपनीची दांडी दुसरीच्या डिरेलरशी जमेना. खुद्द ड्युरा-एसचं केबलचं माप शिमानोच्याच इतर मालिकांपेक्षा वेगळं होतं! एक भाग बिघडला की जोडीला दोन घ्यावे लागतात, ते इथून.

सनटूरनेही क्लिक पद्धत आणली, पण उशिरा आणि संचाची शिस्त न पाळता. 1990 च्या दशकात ती कंपनी संपली; नाव दुसरीकडे विकलं गेलं आणि आज ते सस्पेन्शन फोर्कवर दिसतं. फ्रान्सच्या सिम्प्लेक्स आणि उरे याही मागे पडल्या. 1990 मध्ये शिमानोने ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये आणले, कॅम्पान्योलोने 1992 मध्ये. हात हँडलवरच राहिला, सुरक्षितता वाढली, हे मान्यच. पण पडझडीत आत काही मोडलं तर शिमानोची लिव्हर बहुधा अख्खी बदलावी लागते. कॅम्पान्योलोची उघडून आतली स्प्रिंग बदलता येते, हा तिचा गुण मला फार मोठा वाटतो. शिकागोच्या स्रॅमने मूठ पिळून चालणारा, मोजक्या भागांचा स्वस्त शिफ्टर काढला होता. संच घेतला तर सवलत, या शिमानोच्या धोरणाने आपला माल बाहेर राहतो असा दावा तिने 1990 मध्ये कोर्टात केला. पुढे तडजोड झाली.

आता आपल्याकडे या. मद्रासची टीआय, आसनसोलची सेन-रॅले, सोनीपतची अ‍ॅटलस, लुधियानाची हिरो, यांनी देशाला चालवलं ते प्रामुख्याने बिनगिअरच्या काळ्या सायकलवर. फ्रिक्शनचा काळ आपण जवळजवळ वगळलाच आणि थेट क्लिकवर आलो. त्यामुळे आपल्या बहुतेक मिस्त्रींच्या हाताला गिअर ओळखीचा झाला तो नाजूक मापाच्या रूपात, तोही धूळ आणि पावसाळ्याच्या देशात. आवरणात गंजलेली केबल हा क्लिकचा पहिला शत्रू. '21 गिअर' असं ठळक लिहिलेल्या किती सायकली एकाच गिअरवर अडकून चालताहेत, तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बघा.

रोज ऑफिसला जायचं असेल तर मी पुढे एक चकती, मागे सात किंवा आठ आणि साधा अंगठ्याचा खटका घेईन, आणि दर पावसाळ्यानंतर केबल आवरणासकट बदलेन. शर्यतीला जोडलिव्हर हवीच. 2009 ची ड्युरा-एस डीआय2 आणि 2015 ची स्रॅमची बिनतारी ईटॅप यांत केबलचं दुखणंच नाही. मोटर दर वेळी तेवढंच अंतर सरकते, फक्त बॅटरी चार्ज हवी आणि खिसा खोल हवा. लांबच्या प्रवासाला निघणारे काहीजण मात्र आजही हँडलच्या टोकाला फ्रिक्शनच्या दांड्या लावतात. त्या अजून बनतात, नव्या मिळतात, आणि दहा चकत्यांवरही चालतात.