तटापासून चौकापर्यंत : सोलापूर महापालिकेची वाटचाल

१८७२च्या सुमारास सोलापूरच्या नगरपालिकेने गावाचा तट पाडायला घेतला. अडीच मैल घेराचा तो तट. पूर्वेकडची भिंत सबंध गेली, नैर्ऋत्य आणि उत्तर बाजूचे काही भाग गेले. कारण एकच होतं, गाव आत मावेना. १८६०मध्ये रेल्वे आली होती, सुताकापसाची उलाढाल वाढली होती आणि तट पडला त्याच दशकात मुरारजी गोकुळदासांची गिरणी उभी राहणार होती. सोलापूरकर तिला आजही ‘जुनी गिरणी’ म्हणतात. तट गेला, वेशी मात्र नावाने उरल्या. तुळजापूर वेस, बाळीवेस, विजापूर वेस. रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा तर आजही हीच नावं लागतात.

ही नगरपालिका तेव्हा जेमतेम विशीतली होती. १८५०च्या कायद्याने गावोगावी पालिका स्थापन करायची मुभा मिळाली आणि सोलापूरची पालिका आपलं जन्मवर्ष १८५२ सांगते. दिवाबत्ती, झाडलोट, रस्ते एवढाच कारभार तिच्याकडून अपेक्षित होता. अशा संस्थेने शतकांचा तट पाडून गाव मोकळं करायचं ठरवलं, हा तिच्या सबंध वाटचालीतला मला सगळ्यांत मोठा निर्णय वाटतो. त्यापुढच्या दीडशे वर्षांचा हिशेब मांडायचा तो याच मापाने: पालिकेने भिंती किती पाडल्या आणि किती नव्याने बांधल्या?

मुंबईतही असंच घडत होतं. सोलापूरच्या दहाएक वर्षं आधी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात फोर्टचा तट निघाला आणि टाउन हॉलसमोरच्या मोकळ्या मैदानात एल्फिन्स्टन सर्कल, म्हणजे आजचं हॉर्निमन सर्कल, आकाराला आलं. मधोमध गोल बाग, भोवती सारख्या घडणीच्या पेढ्या आणि कचेऱ्या, तळमजल्याला रस्त्याकडे उघडणाऱ्या कमानींची रांग. उन्हापावसात माणूस त्या कमानींखालून चालतो आणि दुपारच्या सुट्टीत कचेरीतली मंडळी झाडाखाली येऊन बसतात. कचेरी, पदपथ आणि बाग यांनी एकमेकांशी कसं वागावं, हे आपल्याकडे कधीचंच बांधून दाखवलेलं आहे.

सोलापूरला कमानींची अशी रांग मिळाली नाही. इथे पेठा वाढल्या त्या जागा मिळेल तशा. पण या शहराच्या पदरात दुसरंच दान पडलं. भुईकोट किल्ला, त्याचा खंदक, खंदकाला लागून सिद्धेश्वर तलाव, पलीकडे होम मैदान, अलीकडे पार्क मैदान. आणि या सगळ्याच्या आजूबाजूला, पायी जाण्याच्या अंतरावर, महापालिका, जिल्हा परिषद, जिल्हाधिकारी कचेरी, नवी पेठेची बाजारपेठ. पाणी, झाडी, मैदान आणि कचेऱ्या इतक्या जवळ नांदणारं दुसरं शहर महाराष्ट्रात शोधावं लागेल. नगररचनाकाराने कागदावर आखूनही हे जमलं नसतं. बाराव्या शतकातल्या सिद्धरामांनी तलाव खोदवला, बहामनी काळात किल्ला झाला, इंग्रजी अमदानीत मैदानं राहिली. पालिकेकडे काम उरलं ते या जागा एकमेकींना जोडायचं.

त्यासाठी आधी पाणी हवं होतं. एकरुखचा तलाव, म्हणजे आपला हिप्परग्याचा तलाव, १८७१मध्ये पुरा झाला आणि पुढे त्याचं पाणी शहरात आलं. पर्जन्यछायेतल्या गावात बागेचा विचार करायचा तर मूळ प्रश्न पाण्याचा, हे तेव्हाच्या लोकांना सांगावं लागत नव्हतं. आज आपल्याला ते पुन्हा सांगावं लागतं. त्याकडे पुढे येतोच.

महापालिकेचा आजचा पत्ता इंद्रभुवन, रेल्वे लाईन्स. ही वास्तू अप्पासाहेब वारद यांची. व्यापारात कमावलेला पैसा त्यांनी घडीव बांधकामात ओतला: खांब, कमानी, सज्जे, गिलाव्यातली वेलबुट्टी, दर्शनी भागावरच्या मूर्ती. युरोपी घडण आणि देशी हात यांची ही सरमिसळ. समोर उभं राहून वर पाहिलं तर नजर एका मजल्यावर ठरत नाही. दुपारचं ऊन कलतं तशी नक्षीतली सावली सरकते आणि काही वेळापूर्वी सपाट वाटलेला भाग उठून दिसतो. अशी वास्तू रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही काहीतरी देते. आत काम असो वा नसो, तो दोन क्षण थांबतो. नव्या काचेच्या इमारती रस्त्याला फक्त ऊन परत फेकतात.

राहत्या घराची कचेरी झाली की एक गुण आपसूक येतो. घराला ओसरी असते, पायऱ्या असतात, आत-बाहेरच्या मधली एक जागा असते. तिथे माणूस टेकू शकतो. पुढे पुढे बांधलेल्या सरकारी इमारतींत ही मधली जागा नाहीशी झाली. कुंपण, फाटक, पहारेकऱ्याची चौकी, मग वाहनतळ, आणि त्याच्या पोटात कुठेतरी दार. स्मार्ट सिटीच्या कामांत इंद्रभुवनाचं जतन झालं याचा आनंद आहेच. त्या वास्तूने शिकवलेली ओसरी मात्र नव्या बांधकामात अजून उतरलेली नाही.

शहराच्या मध्यभागी नुसत्या कचेऱ्या नसतात, याची साक्ष १९३०ने दिली. त्या वर्षी ६ एप्रिलला, दांडीच्या सत्याग्रहाच्या दिवशी, सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर अण्णासाहेब भोपटकरांच्या हस्ते तिरंगा चढला. देशात असं करणारी ही पहिली नगरपालिका, असं सोलापूरकर अभिमानाने सांगतात. मे महिन्यात गावावर लष्करी कायदा लादला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. त्या चौघांचे पुतळे आज पार्क चौकात आहेत, बाबासाहेबांचा पुतळाही याच चौकात, आणि हुतात्म्यांच्या नावाची बाग किल्ल्याला लागून. सभा, मोर्चा, जयंती, क्रिकेटची मॅच, संध्याकाळची भेळ, सगळं या एका चौकाच्या परिघात होतं. चौक जिवंत राहतो तो अशा एकावर एक चढलेल्या वापरांनी.

१ मे १९६४ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. १९९२मध्ये हद्दवाढ झाली आणि आसपासची गावं शहरात आली. ‘हद्दवाढ भाग’ हा शब्द तेव्हापासून बोलण्यात कायमचा रुजला. शहराचं क्षेत्र कित्येक पटींनी वाढलं, रस्ते-पाणी-गटारांची मागणी तिकडे सरकली, आणि मधलं शहर जसं होतं तसं राहिलं. गिरण्याही एकेक बंद पडत गेल्या. भोंगा झाला की पाळी सुटून रस्ते भरायचे, ते थांबलं. मध्यवस्तीच्या रस्त्यांना माणसं पुरवायचं काम आता कचेऱ्या, बँका, दवाखाने आणि बाजार यांच्यावर आलं.

जिल्ह्यात अकरा तालुके. कामाच्या दिवशी सकाळी अकरानंतर करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंतची माणसं या भागात उतरलेली असतात. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद, सातबारा, दाखले, फोटो. साहेब जेवायला गेलेले किंवा बैठकीत. मग दोन-अडीच तास काढायचे कुठे? झेरॉक्सच्या टपरीच्या पत्र्याखाली, स्टॅम्पव्हेंडरच्या टेबलाशेजारी, कडुलिंबाच्या बुंध्याला टेकून. या कचेऱ्यांजवळच्या पूनम गेटला कुणाचं तरी धरणं चालू असतं, त्या मंडपाच्या कनातीची सावलीही लोक वापरतात. बरोबर आणलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोडायला जागा शोधावी लागते. म्हातारी माणसं दुभाजकाच्या कट्ट्यावर बसलेली दिसतात. सोलापूरचा ‘डाउनटाउन’ म्हणायचा तर तो हा, आणि त्याचा खरा वापरकर्ता हा तालुक्याहून आलेला माणूस. त्याला समोर ठेवून एकही कचेरी आखली गेलेली नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे.

विल्यम व्हाइट नावाच्या अभ्यासकाने न्यूयॉर्कच्या कचेऱ्यांपुढची मोकळी पटांगणं कॅमेरे लावून तपासली. १९६१च्या नियमाने तिथल्या बिल्डरांना पटांगण सोडलं की जादा मजले मिळत. पटांगणं भरपूर झाली, पण बरीच ओस पडलेली. व्हाइटचा १९८०चा निष्कर्ष अगदी साधा निघाला: बसायला जागा असेल तिथे माणसं बसतात. सोबत झाडं हवीत, खाण्याचं काही हवं, आणि ते सारं रस्त्यापासून तुटलेलं नको. पार्क चौपाटीवरच्या गाडीवाल्याला हे कुणी शिकवावं लागलं नाही. पार्क स्टेडियमच्या कडेला गाळे आणि गाड्या आहेत, म्हणून मैदानात सामना नसतानाही ती बाजू रात्रीपर्यंत जागी असते. तिथे बाईमाणूस निर्धास्त चालते, कारण उजेड असतो आणि माणसं असतात. लांबलचक कोऱ्या कुंपणाच्या रस्त्यावर कचेऱ्या सुटल्यावर शुकशुकाट होतो आणि पावलं आपोआप भरभर पडू लागतात.

जानेवारी २०१६मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत सोलापूर नवव्या क्रमांकावर आलं. सोलापूर सिटी डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन ही स्वतंत्र कंपनी निघाली आणि नेमका हाच मधला भाग कामासाठी निवडला गेला. रंगभवन ते डॉ. आंबेडकर चौक, म्हणजे पार्क चौक, हा रस्ता, रंगभवनचा प्लाझा, होम मैदान, हुतात्मा बाग, पार्क स्टेडियम, सिद्धेश्वर तलावाचा परिसर. निवड अचूक होती. किल्ला-तलाव-मैदान-कचेरी यांना जोडायची दीडशे वर्षं रेंगाळलेली गोष्ट कुणीतरी हाती घेतली. खोदकामांनी लोक वैतागले, तेही खरं. पण रंगभवनपासून रुंद पदपथावरून चालताना, रस्ता आपल्यालाही मोजून दिलेला आहे ही जाणीव सोलापूरकराला पहिल्यांदा झाली. मार्च २०२५मध्ये केंद्राचं हे अभियान संपलं. आता देखभाल महापालिकेच्या अंगावर आहे.

माझा आग्रह हिरवळीविरुद्ध आहे. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीतून पाणी येतं आणि घरोघरी ते काही दिवसांआड मिळतं. अशा गावात लॉन लावणं म्हणजे नळाला लाज आणणं. शिवाय लॉनवर पाय ठेवू नका अशी पाटी लागतेच. सोलापूरची बाग सावलीची हवी. वड, पिंपळ, कडुलिंब, चिंच. खाली पार, पाराभोवती दगडी कट्टा. पहिली तीन-चार वर्षं प्रक्रिया केलेलं सांडपाणी टँकरने घातलं की पुढे झाड आपलं आपण पाहून घेतं. आणि बाग फाटकाआड नको. सकाळ-संध्याकाळ उघडणारी आणि दुपारी कुलूपबंद असणारी बाग, ज्याला दुपारीच टेकायला जागा हवी त्या माणसाच्या काय उपयोगाची?

मोकळी जागा कशी राखायची हे शिकायला बाहेर जावं लागत नाही. होम मैदान वर्षातले बहुतेक दिवस मोकळं असतं. मकर संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरली की तिथे होम होतो, शोभेचं दारूकाम होतं, पाळणे लागतात. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यापासून सात नंदीध्वज निघतात, तेव्हा एवढे उंच ध्वज पेलणाऱ्यांचा पाय अडखळू नये म्हणून त्या मार्गावरचे खड्डे भरले जातात, लोंबत्या तारा वर घेतल्या जातात. महापालिका दरवर्षी हे करते आणि वेळेत करते. म्हणजे चालणाऱ्याच्या पावलाकडे पाहून रस्ता तपासायची रीत या संस्थेला ठाऊक आहे. तीच नजर उरलेल्या दिवसांत झेरॉक्सच्या टपरीपर्यंत जाणाऱ्या म्हाताऱ्यासाठी वापरायची आहे.

नियमही आता आडवे येत नाहीत. डिसेंबर २०२०पासून मुंबईसारखे अपवाद सोडून राज्यभर लागू असलेल्या एकत्रित नियमावलीप्रमाणे चार हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडात दहा टक्के जागा खुली ठेवावी लागते. ती बहुधा इमारतीच्या पाठीमागे, जनरेटरच्या शेजारी जाते. गिरण्यांच्या रिकाम्या जागांवर आणि मध्यवस्तीत नव्या व्यापारी इमारती येतील तेव्हा बांधकाम परवानगी देतानाच महापालिकेने तीन गोष्टी धराव्यात: खुली जागा रस्त्याच्या बाजूला, तळमजल्याला रस्त्याकडे दार असलेली दुकानं, आणि कुंपणाच्या जागी बसता येईल असा कट्टा. महापालिकेच्या दप्तरात भाड्याने दिलेले ‘मेजर’ आणि ‘मिनी’ गाळे आहेत, गाळ्यांनी रस्ता जागता राहतो याचा अनुभव तिला कुणापेक्षाही जास्त आहे.

मार्च २०२२नंतर काही वर्षं सभागृह रिकामं होतं, प्रशासकांनी कारभार पाहिला. मोठ्या इमारती त्या काळातही उभ्या राहू शकतात. कट्टा कुठे हवा, झाड कुठलं राखायचं, हातगाडीला जागा कुठे द्यायची, हे मात्र प्रभागातला माणूस सांगू शकतो आणि ते ऐकून घेणारं कुणी लागतं. सुरुवात पूनम गेटपासून पार्क चौकापर्यंतच्या पट्ट्यात करावी. कुंपणाला लागून सलग दगडी कट्टा, दर काही पावलांवर झाड, पिण्याच्या पाण्याची सोय, आणि बायकांसाठी दिवसभर उघडं असणारं स्वच्छतागृह, कारण तालुक्याहून येणाऱ्या कितीतरी बायका ते मिळणार नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. एवढ्या कामाला वेगळ्या योजनेची वाट पाहावी लागत नाही, पुढच्या अंदाजपत्रकात रस्ते आणि उद्यान या दोन शीर्षांखाली ते बसतं.