चांदीच्या पाण्याची भांडी

जुन्या मोठ्या हॉटेलांतील चांदीचे पाणी चढवलेली वाढपाची भांडी जमवण्याचा मला छंद आहे, हे मंडळातील भगिनींना ठाऊकच आहे. "त्याविषयी स्मरणिकेत काही लिहा" असा त्यांचा आग्रह झाला, म्हणून हे चार शब्द. संग्रह लहानसाच आहे: एक कॉफीची किटली, टोस्ट उभे ठेवण्याची जाळी, झाकणाचे एक लांबट भांडे आणि काही चमचे. घरी येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "यात चांदी किती?" चांदी अगदी थोडी आहे; इतिहास मात्र पुष्कळ आहे.

इंग्लंडातील शेफील्ड गावी थॉमस बोल्सोव्हर याने १७४३ च्या सुमारास तांब्यावर चांदीचा पत्रा तापवून चिकटवण्याची युक्ती काढली. पुढे बर्मिंगहॅमच्या जॉर्ज व हेन्री एल्किंग्टन या चुलतभावांनी १८४० साली विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. रसायनाच्या हौदात भांडे टांगायचे, समोर चांदीची पट्टी लावायची आणि वीज सोडायची. पट्टीवरची चांदी भांड्यावर जाऊन बसते. आतला धातू बहुधा तांबे, जस्त व निकेल यांचा मिश्रधातू असे. त्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात, पण त्यात चांदीचा कणही नसतो! भांड्याच्या बुडाशी 'ई. पी. एन. एस.' अशी अक्षरे दिसली, की भांडे याच जातीचे समजावे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात भव्य हॉटेले उभी राहिली. लंडनचे सॅव्हॉय १८८९ साली उघडले, पॅरिसचे रिट्झ १८९८ साली. शेकडो पाहुण्यांच्या पंगतीला अस्सल चांदी कशी परवडणार? म्हणून अशी जाड, दणकट, मुलाम्याची भांडी हॉटेलवाले घडवून घेत आणि त्यांवर आपले नाव किंवा चिन्ह उमटवत. पुढे हॉटेलांचे नूतनीकरण निघाले, की जुने सामान विक्रीस येई. डिसेंबर २००७ मध्ये सॅव्हॉयच्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा सुमारे तीन हजार गठ्ठे विकायला होते.

बुडाशी कारखानदाराचे नाव असते, हॉटेलचेही असते. ज्यांच्या हातांनी ही झळाळी आली, त्यांचे नाव मात्र कोठेच नाही. शेफील्डमध्ये चमचे-काटे घासून गुळगुळीत करण्याचे काम प्रामुख्याने बायका करीत. त्यांना 'बफर गर्ल्स' म्हणत. फिरत्या चाकावर तेल आणि वाळूसारखी भुकटी लावून दिवसभर घासायचे. अंगावर काळा राड उडायचा. म्हणून त्या डोक्याला फडके बांधीत आणि कपड्यांवर कागद गुंडाळीत. विल्यम रोदेनस्टाइन या चित्रकाराने १९१९ साली त्यांचे चित्र काढले. चकचकीत मेजावर बसणाऱ्या पाहुण्यांना या बायका कधी दिसल्या नसतील.

पुढे हॉटेलात भांडी पुसणारे हात वेगळे, पण काम तेच. दर पुसण्यासरशी मुलामा किंचित झिजतो. माझ्या किटलीच्या मुठीपाशी आणि चमच्यांच्या पाठीवर आतला पिवळसर धातू दिसू लागला आहे. "नवे पाणी चढवून घ्या, छान दिसेल," असे अनेकजणी सुचवतात. मी ते करीत नाही. झिजलेली जागा ही त्या अनामिक हातांची सही आहे. नव्या मुलाम्याखाली ती पुसली जाईल. रोज वापरायचे भांडे असेल तर गोष्ट निराळी.

ज्यांच्याकडे अशी भांडी असतील त्यांना एकच सांगणे: राख किंवा रांगोळीने घासू नका. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडके पुरते. लगेच कोरडी मात्र करा.

आपल्याही माजघरात पिढ्यान् पिढ्या घासली गेलेली भांडी आहेत. त्यांवर बहुधा घरच्या कर्त्या पुरुषाचे नाव घातलेले असते. ती कोणी घासली, हे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारून एकदा लिहून ठेवावे, एवढीच भगिनींना विनंती.