साबणाने धुतलेली जीभ

चेस्टर नेझ हे नाव आपल्याकडे फारसे कुणी ऐकलेले नसेल. २००२ मध्ये 'विंडटॉकर्स' नावाचा निकोलस केजचा एक इंग्रजी चित्रपट आला होता. तो पाहिलेल्यांना एवढे आठवत असेल की दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने नावाहो नावाच्या आदिवासींची भाषा गुप्त संदेशांसाठी वापरली होती. पण त्या चित्रपटात बॉम्बगोळे फार आणि नावाहो माणूस कमी. म्हणून आज त्या माणसांपैकी एकाची हकीकत सांगावी म्हणतो. ही सांकेतिक भाषा ज्या पहिल्या २९ तरुणांनी तयार केली, त्यांपैकी चेस्टर नेझ हे एक. त्या २९ जणांत सर्वांत शेवटी गेले तेही हेच. २०११ मध्ये, वयाच्या नव्वदीत, त्यांनी ज्युडिथ शीस अविला या लेखिकेच्या मदतीने 'कोड टॉकर' हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले.

नेझ यांचा जन्म २३ जानेवारी १९२१ चा, न्यू मेक्सिको राज्यातल्या चिचिलता या वस्तीतला. ओकच्या झाडांमधली जागा, असा त्या नावाचा अर्थ. नावाहो लोक स्वतःला 'दिने' म्हणतात. दिने म्हणजे माणसे. १८६४ मध्ये अमेरिकन फौजेने या माणसांना घरादारांतून उठवून शेकडो मैल चालवत दूरच्या छावणीत नेऊन डांबले होते. वाटेत आणि छावणीत कितीतरी मेले. १८६८ च्या तहानंतर उरलेल्यांना आपल्या भूमीत परतता आले. तो प्रवास 'लाँग वॉक' या नावाने त्यांच्या इतिहासात नोंदला गेला. नेझ जन्मले तेव्हा या गोष्टीला अवघी ५३ वर्षे झाली होती. म्हणजे आजी-पणजीच्या तोंडून ऐकता येईल इतकी ती जवळची होती.

नावाहोंमध्ये कूळ आईकडून चालते. नेझ 'काळी मेंढी' या कुळातले. हे कुळाचे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आई लहानपणीच गेली. आजी आणि वडील यांच्या हाताखाली हा मुलगा मेंढरे राखत वाढला. नावाहोंच्या घरी मेंढी म्हणजे अन्न, वस्त्र, पैसा आणि प्रतिष्ठा, सगळे काही. १९३० च्या दशकात सरकारने ठरवले की इतक्या मेंढरांमुळे जमिनीची धूप होते, तेव्हा कळप कमी केले पाहिजेत. ठिकठिकाणी हजारो जनावरे मारून टाकण्यात आली. धनी डोळ्यांदेखत बघत उभे. सरकारी कागदांत त्या योजनेचे नाव 'पशुधन घट' असे साधेसुधे होते. नेझ यांच्या घरच्यांना मात्र ती कत्तलच वाटली.

त्याआधीच, वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास, मुलाला सरकारी निवासी शाळेत घातले होते. इंग्रजी आल्याशिवाय या देशात निभाव लागणार नाही, हे वडिलांना कळत होते. तिथे केस कापले, गणवेश दिला आणि नावही बदलले. चेस्टर हे नाव शाळेने दिलेले, चेस्टर आर्थर या माजी राष्ट्राध्यक्षावरून. नेझ हा मात्र नावाहो शब्द, अर्थ 'उंच'. शाळेचा मुख्य नियम एकच होता. नावाहो बोलायचे नाही. बोलताना सापडले तर मार किंवा तपकिरी साबणाने तोंड धुणे. ती चव नेझ म्हातारपणीही विसरले नव्हते. तरी रात्री दिवे गेल्यावर मुले कुजबुजत ती आपल्याच भाषेत. सुट्टीत घरी गेले की आजीकडे इंग्रजीचा एक शब्दही चालत नसे. तसे नसते तर पुढचे काहीच घडले नसते.

आता १९४२ साल. पर्ल हार्बरवर हल्ला होऊन गेला होता. अमेरिकेचे संदेश जपानी सैन्य ऐकत होते आणि उलगडतही होते. इंग्रजी उत्तम येणारे लोक त्यांच्याकडे होते. यंत्राने संदेश गुप्त करायचा, पाठवायचा आणि पुन्हा उलगडायचा म्हटले की वेळ फार जाई. डोक्यावर गोळ्या चालू असताना एवढी सवड कुठली?

फिलिप जॉन्स्टन नावाचा लॉस एंजेलिसचा एक अभियंता होता. एका मिशनऱ्याचा मुलगा, नावाहो मुलांत वाढलेला. त्याने मरीन दलाला सुचवले की या भाषेचा उपयोग करा. भाषा कठीण म्हणजे किती? सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. 'मला दे' म्हणायचे तर वस्तू गोल आहे, लांबट आहे की कापडासारखी मऊ, त्याप्रमाणे क्रियापदच वेगळे. वर ती बहुतांशी बोलण्यातली भाषा, पुस्तकांतून शिकायची सोय जवळजवळ नाही. फेब्रुवारी १९४२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅम्प एलियटवर प्रात्यक्षिक झाले. मेजर जनरल क्लेटन व्होगेल यांना ते इतके पटले की त्यांनी २०० माणसे मागितली. वरून मंजुरी आली ३० ची. सरकारी खाते म्हणजे जगात सगळीकडे सारखेच!

भरतीची बातमी आली तेव्हा नेझ अॅरिझोनातल्या ट्यूबा सिटीच्या शाळेत होते. मे १९४२ मध्ये ते, त्यांचा शाळासोबती रॉय बेगे आणि इतर असे २९ जण दाखल झाले. प्राथमिक प्रशिक्षण संपल्यावर त्यांना एका खोलीत नेऊन सांगण्यात आले की तुमच्या भाषेतून असा संकेत तयार करा की कुणालाही उलगडता येऊ नये. ज्या सरकारने ही भाषा तोंडातून धुऊन काढायचा प्रयत्न केला, तेच सरकार आता हे मागत होते.

पुष्कळांची समजूत आहे की हे सैनिक वायरलेसवर सरळ नावाहो बोलत. तसे नव्हते. त्यांनी दोन पदर केले. पहिला पदर अक्षरांचा. इंग्रजी 'ए' साठी 'अँट' म्हणजे मुंगी, आणि मुंगीचा नावाहो शब्द 'वोलाची'. 'बी' साठी 'बेअर' म्हणजे अस्वल, नावाहोत 'शश'. 'सी' साठी 'कॅट' म्हणजे मांजर, नावाहोत 'मोआसी'. बेटांची, माणसांची नावे अशी अक्षराअक्षराने सांगायची. काही अक्षरे इंग्रजीत वारंवार येतात आणि त्यावरून शत्रूला सुगावा लागू शकतो, म्हणून पुढे अशा अक्षरांना दोन-तीन पर्यायी शब्द ठेवले.

दुसरा पदर युद्धातल्या शब्दांचा. यासाठी त्यांनी पाहिले ते आपल्या रानाकडे आणि घराकडे. लढाऊ विमान म्हणजे इवलासा हमिंगबर्ड पक्षी. बॉम्ब टाकणारे विमान म्हणजे गिधाड. बॉम्ब म्हणजे अंडी. हातबॉम्ब म्हणजे बटाटे. रणगाडा म्हणजे कासव. युद्धनौका म्हणजे देवमासा, पाणबुडी म्हणजे लोखंडी मासा. आणि सैनिकांची लहान तुकडी म्हणजे काय? काळी मेंढी! सैन्याच्या तुकड्यांसाठी त्यांनी कुळांशी निगडित शब्द वापरले होते आणि त्यात नेझ यांच्या आईचे कूळ आले. अमेरिकेसाठी शब्द ठरला 'नेहेमा', म्हणजे आपली आई. मेंढरे मारणाऱ्या, तोंडाला साबण लावणाऱ्या सत्तेच्या देशाला या मुलांनी आई म्हटले. ती आई म्हणजे वॉशिंग्टनचे सरकार नव्हे, पायाखालची जमीन, असे मला वाटते.

सुरुवातीला असे दोनशेच्या वर शब्द होते, युद्ध संपेपर्यंत सहाशेच्या वर गेले. सगळे पाठ. रणांगणावर कागदाचा चिटोराही न्यायचा नाही. लिखाणावाचून सगळे स्मरणात ठेवण्याची या लोकांना पिढ्यान् पिढ्यांची सवय. त्यांच्या पूजाविधींतली दीर्घ गाणी अशीच तोंडपाठ चालत आलेली.

हे कुलूप किती पक्के होते, त्याचा एक दारुण पुरावा आहे. जो कियूमिया नावाचा एक नावाहो सैनिक फिलिपिन्समध्ये जपान्यांच्या कैदेत पडला होता. संकेताबद्दल त्याला काहीच ठाऊक नव्हते. पकडलेले संदेश त्याला ऐकवून अर्थ विचारण्यात आला, छळ करण्यात आला. त्याला शब्द कळत होते. कासव, अंडी, बटाटे. पण त्यातून काय निष्पन्न व्हावे? आपल्याच मातृभाषेतले वाक्य त्याला निरर्थक वाटले. तो सांगू शकला नाही, कारण सांगण्यासारखे त्याच्याकडे काही नव्हते.

२९ पैकी दोघांना नव्या मुलांना शिकवण्यासाठी मागे ठेवले, बाकीचे पॅसिफिकमध्ये गेले. नोव्हेंबर १९४२ मध्ये नेझ ग्वाडलकनाल बेटावर उतरले. उजव्या बाजूला शत्रूची मशीनगन आहे, ती उडवा, अशा अर्थाचा त्यांचा पहिला संदेश होता. थोड्याच वेळात तिथे तोफगोळे पडले. यंत्राने अर्धा तास घेणारा तीन ओळींचा संदेश हे लोक वीसेक सेकंदांत पोहोचवत. दोघांची जोडी असे. एकाने वायरलेसचा दांडा फिरवून वीज निर्माण करायची, दुसऱ्याने बोलायचे. नेझ यांचा जोडीदार रॉय बेगेच. संदेश गेला की जागा सोडायची, कारण जपानी सैन्य लहरींवरून ठिकाण हुडकून तिथे मारा करी. चेहरेपट्टीमुळे काही नावाहोंवर तर आपल्याच सैनिकांनी जपानी समजून बंदुका रोखल्या.

ग्वाडलकनालनंतर बोगनव्हिल, ग्वाम, पेलेल्यू, अंगौर. नेझ एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जात राहिले. १९४५ मध्ये इवो जिमाच्या लढाईत ते नव्हते, पण तिथे सहा नावाहोंनी पहिल्या दोन दिवसांत ८०० हून अधिक संदेश एकही चूक न करता पाठवले. युद्धभर सुमारे ४०० नावाहोंनी हे काम केले. त्यांचा संकेत जपानला शेवटपर्यंत फोडता आला नाही.

१९४५ मध्ये नेझ सैन्यातून मोकळे झाले, ते अगदी खालच्या हुद्द्यावरचे सैनिक म्हणूनच. निघताना ताकीद मिळाली की केलेल्या कामाबद्दल कुणाशी बोलायचे नाही. घरी परतल्यावर आदिवासींना लागणारे ओळखपत्र काढायला ते गणवेश घालून गॅलप गावच्या सरकारी कचेरीत गेले. तिथल्या कर्मचाऱ्याने त्यांना ऐकवले की तू काही या देशाचा पुरा नागरिक नाहीस, तुला मतदानसुद्धा करता येत नाही.

आत्मचरित्रातला हा प्रसंग वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. मी स्वतः खिडकीच्या आतल्या बाजूला बसणारा माणूस. त्या कर्मचाऱ्याने कदाचित नियमाबाहेरचे काहीच केले नसेल. माहिती म्हणून ती खरीही होती. १९२४ च्या कायद्याने आदिवासींना नागरिकत्व मिळाले होते, पण न्यू मेक्सिकोच्या राज्यघटनेत 'कर न भरणारे इंडियन' मतदानातून वगळलेले होते. पण नियम तोंडावर फेकताना समोरच्या माणसाने काय सोसले आहे, हे खिडकीतून दिसत नाही. नेझ यांना तर ते सांगण्याचीही मनाई होती. १९४८ मध्ये मिगेल त्रुहियो या प्यूब्लो जमातीच्या शिक्षकाने, तोही मरीन दलातला माजी सैनिक, न्यायालयात दाद मागितली आणि न्यू मेक्सिकोतल्या आदिवासींना मत मिळाले. शेजारच्या अॅरिझोनातही त्याच वर्षी.

मताचा प्रश्न असा सुटला, पण रात्रीचे काय? झोपेत नेझ यांना मेलेले जपानी सैनिक दिसत. हे दुखणे बोलून हलके करावे तर तोंडाला कुलूप. अखेर घरच्यांनी परंपरेप्रमाणे विधी केला. 'एनिमी वे', म्हणजे शत्रूच्या मृतात्म्यांची बाधा दूर करणारा, युद्धावरून परतलेल्यांसाठीचा विधी. त्यानंतर स्वप्ने कमी झाली, असे नेझ सांगतात. याला अंधश्रद्धा म्हणणारे म्हणोत. ज्या भाषेत तो माणूस युद्ध लढला, त्याच भाषेतल्या गाण्यांनी त्याला बरे केले, एवढे खरे.

पुढे त्यांनी कॅन्सस विद्यापीठात चित्रकलेचा अभ्यास सुरू केला, पण माजी सैनिकांसाठीचे अर्थसाहाय्य संपले आणि पदवी राहून गेली. मग अल्बुकर्क येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात त्यांनी २५ वर्षे रंगकाम केले. १९६८ मध्ये या कामावरचा 'गोपनीय' शिक्का निघाला. जुलै २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या हस्ते मूळ २९ जणांना काँग्रेसचे सुवर्णपदक देण्यात आले, तेव्हा त्यांतले पाचच हयात होते. २०१२ मध्ये विद्यापीठाने राहिलेली पदवी दिली. ४ जून २०१४ रोजी, ९३ व्या वर्षी, नेझ गेले.

पदके मिळाली, पुतळे उभे राहिले. तरी मार्च २०२५ मध्ये अमेरिकी सैन्याच्या संकेतस्थळांवरून या नावाहोंवरची कितीतरी पाने काढून टाकण्यात आली. ओरड झाल्यावर ती परत लावली. गौरवाची फाईलसुद्धा किती सहज कपाटातून नाहीशी होते, ते बघा.

माझ्या मते याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. साबणाच्या शाळांतून बाहेर पडलेल्या कित्येक नावाहो आईबापांनी ठरवले की आपण भोगले ते पोरांनी भोगू नये, आणि घरात इंग्रजी बोलायला सुरुवात केली. २०१० च्या सुमारास नावाहो बोलणारे दीड लाखाहून अधिक होते, पण त्यांत लहान मुले कमी आणि म्हातारेच जास्त. जी भाषा जपानच्या लष्कराला हरवता आली नाही, ती अशी शाळेच्या धाकाने आणि मायेपोटी मागे हटत गेली. आता नावाहो शाळांतूनच ती पुन्हा शिकवण्याची धडपड चालू आहे.

भाषेवरून आपण गोव्यात कमी वाद घातलेले नाहीत. कोणती राजभाषा, कोणत्या माध्यमाला अनुदान, यांवर मोर्चे काढले. तेही लागतेच. पण नेझ यांची भाषा सरकारी मान्यतेवर जगली नव्हती. ती जगली दिवे गेल्यावरच्या कुजबुजीत आणि आजीच्या मेंढवाड्यात. सरकारला तिची गरज पडली, तेव्हा ती तिथेच शाबूत सापडली.